मामांचा कोरडा कान

देवभीरू माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण आमच्या मामांइतका देवाला घाबरलेला माणूस उभ्या खानदेशात दुसरा नसेल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा, म्हणजे नात्याने माझे मामेसासरे. आपण सगळे देवाला भितो ते सवडीने, परीक्षा आली किंवा पोरगं तापाने फणफणलं की. मामांना अशी सवड नव्हती. ते दात घासताना भीत, जेवताना भीत, आणि सुखाने हसू आलं तर त्याचा हिशेब द्यावा लागेल म्हणून अर्ध्यावर हसू गिळत. ते धुळ्याच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. गाड्यांची घोषणा करणारा तो खणखणीत आवाज त्यांचाच. उद्याचा दिवस आपल्या हातात नाही, तेव्हा पुढची कुठलीही गोष्ट ‘प्रभूची इच्छा असेल तर’ असं म्हटल्याशिवाय बोलू नये, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. ती त्यांनी नोकरीतही पाळली. एका गर्दीच्या सकाळी त्यांनी माइकवरून सांगितलं, ‘प्रभूची इच्छा असेल तर शिरपूर गाडी साडेदहा वाजता सुटेल.’ गाडीत बसलेली निम्मी माणसं सामानासकट खाली उतरली, आणि मामांना साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. पुढे ते माइक हाताने झाकून तेवढे शब्द पुटपुटत आणि मग घोषणा करत. धुळ्याच्या गाड्यांना उशीर होतो त्याचं कारण हेच, असं त्यांचे सहकारी म्हणत.

प्रार्थनाही ते घोषणेच्याच चालीवर करायचे. जळगावच्या नातेवाइकांपासून सुरुवात, मग एरंडोल, पारोळा, मग धुळे शहर, आणि पुढे साक्रीमार्गे पिंपळनेरपर्यंत. वाटेत कुठल्याही गावी कुणी आजारी असेल तर तिथे जास्त वेळ थांबा. मामी ताटं वाढून बसलेल्या असायच्या आणि वरण निवून त्यावर साय धरायची. मग मामींनी एकदा आधी ताटं न वाढता, प्रार्थना साक्रीला पोचल्यावर वाढली, तेव्हापासून घरात सगळ्यांना गरम जेवण मिळू लागलं.

त्यांच्या घराच्या गल्लीत एक बँडवाला राहतो. शेवटच्या दिवशी तुतारी वाजेल आणि प्रभू येईल, हे मामांना लहानपणापासून पाठ. त्यामुळे लग्नसराईत त्यांचे फार हाल. दुपारी जरा डोळा लागला की खाली बँडवाल्याने ट्रम्पेट फुंकून पाहिलाच समजा. मामा ताडकन उठत, खुंटीवरचा काळा कोट घालत, बटणं लावत आणि पलंगाच्या कडेला हात जोडून बसत. मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, ‘अहो, वरात आहे.’ मामा म्हणत, ‘असेना का. तयार असलेलं बरं.’ आणि वरात गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत कोटात घामाघूम होऊन तसेच बसून राहत. धुळ्याचं मे महिन्यातलं ऊन ज्याला ठाऊक आहे, त्याला या श्रद्धेची किंमत कळेल.

हे झालं त्यांचं भिणं. पण निवृत्त झाल्यावर ते चर्चच्या मंडळीचे पंच झाले आणि आम्ही त्यांना भिऊ लागलो. त्याच सुमाराला त्यांच्या चर्चमध्ये नवे पाळक आले. तरुण, हसतमुख माणूस. त्यांनी येताना ड्रम आणला, भिंतीवर पडदा लावला, गाण्याचे शब्द पडद्यावर दिसू लागले आणि माणसं टाळ्या वाजवून गाऊ लागली. बाकी सगळे खूश होते. मामा मात्र पहिल्या रविवारी घरी आले ते जेवलेच नाहीत. पडद्यावर शब्द दिसतात म्हणून कोणी पाठ करत नाही, पाठ नाही म्हणून मनात नाही, आणि मनात नाही तर न्यायाच्या दिवशी पडदा कोण लावणार, असा त्यांचा सवाल होता. मंडळीला मूळ पायावर परत आणायचं असं त्यांनी ठरवलं. पाया म्हणजे विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारा पाठ, शिवाय दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि जुन्या प्रश्नोत्तरावलीतली सगळी उत्तरं, एकही शब्द न गाळता. ही परीक्षा ते कुठेही घेत. अमळनेरला एका लग्नात ते वरण-बट्टीच्या पातेल्याशेजारी तुपाची वाटी घेऊन उभे राहिले. आज्ञा म्हणा आणि तूप घ्या. त्या पंगतीत बरीच तरुण मंडळी कोरडी बट्टी खाऊन उठली, आणि वराच्या मित्रांनी तर घरून आणलेले डबे गाडीतच उघडले. त्यांच्या स्कूटरचा आवाज गल्लीत आला की घराघरांतले टीव्ही बंद होत आणि माणसं ओठ हलवू लागत.

माझ्या साखरपुड्यात त्यांनी मला विश्वासांगीकार म्हणायला लावला. मी जळगावच्या एका शाळेत गणित शिकवतो. हजारभर पोरांपुढे माझी जीभ अडखळत नाही, पण मामांपुढे मी मध्यावर आलो आणि पुढचं सगळं पुसून गेलं. माझी होणारी बायको आतल्या दारातून हळूच सांगत होती म्हणून लग्न झालं. मामा त्या वेळी माझ्या उजव्या बाजूला सरकले आणि डावा कान माझ्याकडे करून ऐकत राहिले. उजव्या कानाने ते ठार बहिरे आहेत असं आम्ही सगळेच समजत होतो. चर्चमध्ये ते नेहमी उजवीकडच्या टोकाच्या बाकावर बसायचे, म्हणजे डावा कान उपदेशाकडे. फोनचंही तसंच. पाळकांचा फोन आला तर डावीकडे, गॅस एजन्सीचा आला तर उजवीकडे. बहिऱ्या कानाने माणूस गॅस एजन्सीशी बोलतो कसा, हा प्रश्न मला गणिताचा मास्तर असूनही कधी पडला नाही.

तो प्रश्न पडला मामांच्या छातीत दुखू लागलं तेव्हा. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि हृदयाचं ऑपरेशन लवकर करावं लागेल असं सांगितलं. केलं तर माणूस उभा राहील, नाही केलं तर काही सांगता येत नाही. मामांनी नकार दिला. मुलांनी समजावलं, मामी रडल्या, तरुण पाळक दोनदा घरी येऊन गेले, मामा मानच हलवत. शेवटी मामींनी माझ्या बायकोला फोन केला. जावयाचा शब्द ते मोडायचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी धुळ्याला निघालो तेव्हा बायकोने मला विश्वासांगीकार म्हणून दाखवायला लावला, न जाणो.

मामांनी मला माडीवरच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. चेहरा पार उतरला होता. माझी समजूत होती की ते ऑपरेशनला घाबरलेत, म्हणून मी सुरुवात केली की हल्ली या गोष्टी फार सोप्या झाल्यात. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

‘जावईबापू,’ ते म्हणाले, ‘माझा उजवा कान ख्रिस्ती नाही.’

मला हसू आलं नाही, कारण मामांचे ओठ थरथरत होते. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील पिंपळनेरला मिशनच्या शाळेत मास्तर होते. मामा तरुण झाले तेव्हा पांझरा नदीच्या डोहात त्यांचा बाप्तिस्मा ठरला. आमच्यात बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात पूर्ण बुडवून वर काढतात. जुना माणूस मेला, नवा उठला, असा त्याचा अर्थ. मामांना पाण्याची लहानपणापासून धास्ती. म्हाताऱ्या पाळकांनी त्यांना पाण्यात आडवं करायला घेतलं तसा त्यांनी पाळकांच्या गळ्याला मिठीच मारली, आणि ते बुडले ते तिरपे. डाव्या कानात पाणी गुडगुडलं. उजव्या कानाला मात्र काठावरच्या मंडळीचं गाणं सबंध वेळ ऐकू येत होतं. ‘गाणं तुटलं नाही, जावईबापू,’ मामा म्हणाले. ‘कान पाण्यात गेला असता तर गाणं तुटलं नसतं का?’

मी गणिताचा माणूस. उजव्या कानावर किती त्वचा असते आणि सबंध अंगावर किती, याचं प्रमाण त्यांना सांगायला लागलो आणि इतकं सूक्ष्म आम्ही सोडून देतो असं म्हणालो. मामा म्हणाले, तुमच्या शाळेत सोडत असतील, तिथे सोडत नाहीत. मग मी म्हटलं, पुन्हा बाप्तिस्मा घ्या, एकदा नीट बुडी मारली की काम झालं. यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी साखरपुड्यातल्यासारखा गप्प झालो. बाप्तिस्मा एकच, दुसरा घेणं म्हणजे पहिल्याला खोटं म्हणणं, हे त्यांनीच आयुष्यभर सगळ्यांना शिकवलं होतं. म्हणजे पहिला खरा असेल तर दुसरा घेणं पाप, आणि पहिला खोटा असेल तर इतकी वर्षं अर्धवट ख्रिस्ती असून त्यांनी चर्चमध्ये प्रभुभोजनाची पवित्र भाकर खाल्ली, ते त्याहून मोठं पाप. तरुण पाळकांनी सांगितलं होतं म्हणे, की देव कान बघत नाही, मन बघतो. ‘ज्याने ड्रम आणला, त्याच्या भरवशावर मी मरू?’ मामांनी मला विचारलं. ऑपरेशनच्या टेबलावर गुंगी देऊन झोपवतील आणि आपण उठणार नाही, मग एक कोरडा कान घेऊन कुठल्या तोंडाने उभे राहणार, एवढीच त्यांची भीती होती. मग ते म्हणाले, ‘माझाच पाया कच्चा होता ना. म्हणून दुसऱ्यांचे ठोकून बघत फिरलो.’ या माणसाला आम्ही किती घाबरलो आणि मागे किती नकला केल्या, ते मला आठवलं.

बाप्तिस्म्याच्या त्या दिवसाचा एकच साक्षीदार हयात होता. पिंपळनेरची अक्का. मामांच्या पाठोपाठ बाप्तिस्म्याच्या रांगेत तीच उभी होती. पुढे मिशनच्या दवाखान्यात तिने कितीतरी बाळंतपणं केली, आता चर्चच्या मागे एकटी राहत होती. तिला विचारायचं असं ठरलं, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी साक्रीमार्गे पिंपळनेरची बस धरली. कुसुंब्यापर्यंत मामा ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. साक्री गेल्यावर तेही थांबलं. मी त्यांच्या शेजारी बसून तितकाच भ्यायलो होतो, कारण हिशेब सरळ होता. अक्का म्हणाली की कान बुडाला होता, तर मामा ऑपरेशनला उभे राहतील. ती म्हणाली की कोरडा राहिला, तर ते घरी परत येतील, पलंगावर पडतील आणि घाबरत घाबरत एक दिवस जातील. एका म्हातारीच्या आठवणीवर माणसाचा जीव टांगलेला मी पहिल्यांदा पाहत होतो.

चर्चच्या फाटकाशी हातपंप आहे. तिथपर्यंत आल्यावर मामांचे पाय थांबले. म्हणाले, तुम्ही पुढे व्हा आणि विचारा. वाईट असेल तर इथे सांगू नका, धुळ्याला पोचल्यावर सांगा. मी एकटाच मागे गेलो. अक्का ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. ठेंगणी, काटक, डोळ्यांवर जाड चष्मा. मी सलाम केला, ओळख सांगितली आणि आलो त्याचं कारण सांगितलं. ती शेंगा फोडायची थांबली.

‘भाऊ, मी तुले खोटं कसाले सांगू?’ ती म्हणाली. ‘मी त्याना मागेच उभी व्हतू. पन पानी दखीसन इतलं भेव वाटनं, की मी डोया मिटी लिधात. माले काहीच दिसनं नही.’

मग तिने विचारलं की एवढ्या वर्षांनी त्याला हे कशाला हवं, तेव्हा मी ऑपरेशनचं सांगितलं. अक्काने चष्मा पदराने पुसला आणि भिंतीच्या कडेने फाटकाकडे बघितलं. मामा हातपंपाला टेकून उभे होते. उजव्या हाताने त्यांनी उजवा कान झाकून घेतला होता, पोरं शाळेत मार बसायच्या आधी झाकतात तसा. अक्का उठली, मांडीवरची टरफलं झटकली आणि माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे चालू लागली. मी मागोमाग.

‘काय रे येडा,’ ती लांबूनच म्हणाली. ‘तुना कान कोरडाच ऱ्हायना व्हता. मी सोता दखं.’

मामांचे डोळे पांढरे झाले. मी त्यांना धरायला पुढे झालो. अक्काने हाताने मला बाजूला केलं.

‘पन पाळकबाबानी बी दखं ना. त्यास्नी वल्ला हात तुना कानले लाया, दोनदा. मंग आशीर्वाद दिधा. तू रडी ऱ्हायना व्हता, तुले कसं समजी?’

मामांनी विचारलं, ‘खरंच, अक्का?’ त्या विचारण्यात सत्तरी ओलांडलेला पंच नव्हता, कंट्रोलर नव्हता, कोणीच नव्हतं. अक्का म्हणाली, ‘देवना समोर सांगस.’ मामांनी कानावरचा हात हळूहळू काढला आणि ते पंपाच्या ओल्या कट्ट्यावर धोतरासकट बसले. खूप रडले. मग म्हणाले, ‘हो. गार लागलं होतं काहीतरी. मला वाटलं, वारा असेल.’ तेव्हा ते अक्काची गोष्ट आठवत होते की स्वतःची, ते मला आजही सांगता येत नाही.

तिने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. शेवभाजी आणि भाकरी. मामा दोन वेळा मागून घेऊन जेवले. जेवणाआधीची प्रार्थना त्यांनी इतकी थोडक्यात उरकली की मी डोळे मिटेपर्यंत ‘आमेन’ झालं होतं. निघताना ते फाटकाकडे पुढे गेले आणि अक्काने माझं मनगट धरलं. ‘भाऊ, त्याले कधी सांगू नको,’ ती म्हणाली. ‘मी जलममा पहिलाव खोटी साक्ष दिधी, आनि ती बी देवनं नाव लिसन. आते माले भेव वाटी ऱ्हायनं.’ मी तिला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. पण बस दिसली आणि मी पळालो.

ऑपरेशन झालं. मामा आत जाताना परिचारिकेला प्रभूची प्रार्थना येते का विचारत होते, म्हणजे तब्येत उत्तम होती. त्यानंतर ते दोन वर्षांहून जास्त जगले, आणि तीच त्यांची सगळ्यात चांगली वर्षं. परीक्षा त्यांनी सोडली नाही, पण आता अडलेल्याला पुढचा शब्द ते स्वतःच सांगू लागले आणि तूप सगळ्यांना वाढू लागले. उपासनेला ते मधल्या बाकावर बसत. ड्रमबद्दलची तक्रार मात्र वाढली, कारण आता तो दोन्ही कानांनी ऐकावा लागत होता. तरुण पाळकांनी त्यांना पोरांचा वर्ग घ्यायला सांगितलं. पूर्वी ज्या पोरी त्यांना बघून जिन्याखाली लपायच्या, त्याच आता प्रश्नोत्तरावली पाठ करून त्यांच्या मागे लागायच्या. ड्रम वाजवणारा पोरगाही विश्वासांगीकार शिकला, आणि मामांनी त्याला ड्रम थोडा हळू वाजवायला शिकवलं. मूळ पायावर मंडळी आली की नाही ते मला ठाऊक नाही. मामा आले होते, हे मी पाहिलं. गेल्या नाताळाच्या आधी ते दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मामी सांगतात, कोट खुंटीवरच होता.

अक्काला कळवायला मी स्वतः पिंपळनेरला गेलो. ती आता फार थकली आहे, ओट्यावरून खाली उतरत नाही. बातमी ऐकून ती रडली नाही. शांतपणे गेले का, एवढं तिने विचारलं. मी हो म्हटलं. माझ्या लक्षात आलं की तिचे ओठ हलताहेत, बसमध्ये मामांचे हलत होते तसे.

‘त्याले तठे समजी गयं व्हई का रे?’ तिने विचारलं. ‘मी जासू तव्हय तो दारमाच उभा ऱ्हाई. आज्ञा इचारी माले.’

तिच्या डोळ्यांत जे होतं ते माझ्या ओळखीचं होतं. धुळ्याच्या माडीवरच्या खोलीत मी ते पाहिलं होतं. मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, ‘अक्का, मामांना सगळं माहीत होतं. ऑपरेशन झाल्यावर मला म्हणाले, अक्काने माझ्यासाठी केलं ते मी जाणतो, तिला सांगा, मी रागावलेलो नाही.’

मग तिचा चेहरा सैल झाला. ‘आसं म्हने तो?’ असं तिने दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं, आणि ती भिंतीला धरून उठली, मला चहा करून देण्यासाठी.

मामा असं काहीही म्हणाले नव्हते. आत भांड्यांचा आवाज होत होता आणि मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. मी फारसा प्रार्थना करणारा माणूस नाही. त्या दिवशी मात्र पाठ केलेली एकही ओळ न वापरता मनापासून केली. म्हटलं, देवा, वर या दोघांची गाठ पडायच्या आधी मला मामांशी दोन मिनिटं एकट्याने बोलू दे. ‘आमेन’ म्हटलं आणि मग माझ्या गणिताच्या डोक्यात प्रकाश पडला, की त्यासाठी मला अक्काच्या आधी तिथे पोचावं लागेल. अक्का चहा घेऊन आली, तिने माझा चेहरा बघून बरं वाटत नाही का म्हणून विचारलं, आणि मी कप हातात घेतला. प्रार्थना मात्र मी अजून मागे घेतलेली नाही.